वरच्या मजल्याला 'अ' मिळाला

वैजूचं डोकं घर सोडायच्या नोटिशीनं फिरलं असं सगळे सांगतात. खोटं आहे. नोटीस तिनं जिन्यात उभ्याउभ्या वाचली, घडी घातली, परत उघडली. डोकं फिरलं ते तिसऱ्या ओळीनं. तिथं लिहिलं होतं, 'सदर वरचा मजला नैसर्गिकरीत्या थंड असून त्यास 'अ' प्रत प्राप्त झाली आहे.'

नैसर्गिकरीत्या!

नागपूर, मे महिना, वरचा मजला, डोक्यावर उघडा स्लॅब, पश्चिमेला अख्खी भिंत, आणि म्हणे नैसर्गिकरीत्या थंड! अरे, निसर्ग काय करून राहिला होता त्या मजल्याचं, ते त्या निसर्गालाच विचारा. भाजून राहिला होता. रोज. सत्तेचाळीस डिग्रीत. थंड करणारी वेगळीच होती, आणि ती नोटीस हातात धरून जिन्यात उभी होती.

पण हे नीट कळायचं तर आधी टिकली कळायला पाहिजे.

झालं असं होतं, की त्याच्या दोन उन्हाळे आधी मे महिन्यातल्या एका दुपारी तीन वाजता सगळ्या विदर्भाचे एसी एकदम वीज ओढायला लागले आणि ग्रिड बसली. बसली ती चार दिवस उठलीच नाही. त्या चार दिवसांत जे झालं ते झालं. मग कायदा आला. घर विकायचं असो की भाड्यानं द्यायचं असो, आधी ताप-दाखला काढायचा. घराला प्रत मिळणार, 'अ' पासून 'फ' पर्यंत. 'ड'च्या खाली गेलं तर ना विकता येणार, ना भाड्यानं देता येणार. विचार वाईट नव्हता हो. घरमालक भिंत सुधरवत नाही, कारण बिल भाडेकरू भरतो. भाडेकरू सुधरवत नाही, कारण भिंत त्याची नाही. दोघांच्या मध्ये एसी घुं-घुं करत बसतो. म्हणून सरकारनं मालकाचा कान धरला.

आणि प्रत ठरवायला आली टिकली. नाण्याएवढी चकती. आत दोन जातींच्या धातूंचे शेकडो बारीक जोड. चकतीची एक बाजू गरम आणि दुसरी थंड असली की त्या जोडांमध्ये इवलीशी वीज तयार होते. जितकी उष्णता भिंतीतून आरपार जाईल तितकी जास्त वीज. अशा बारा टिकल्या घराच्या आतून चिकटवायच्या, बारा बाहेरून. सात दिवस आकडे घ्यायचे. त्यावरून कॉम्प्युटर घराचा स्वभाव काढतो: हे घर तवा आहे का थर्मास? तवा असेल तर ऊन पडलं की दोन-चार तासांत खोली पेटते. थर्मास असेल तर बाहेर आग लागली तरी आतल्याला पत्ता नाही.

कुणी सात दिवस एसी धडाधड लावून चलाखी केली तर? त्याचाही बंदोबस्त होता. विजेचं मीटर टिकल्यांना जोडलेलं. एसी, कूलर, पंखा, जे काही चालेल त्याचा गारवा हिशेबातून वजा. उरेल ते घराचं स्वतःचं.

वीज वजा होत होती. बादली वजा होत नव्हती. एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. वैजूच्याही नाही.

वैजयंती मेश्राम, वय चौतीस. चौकात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान, सकाळी सात ते अकरा. उरलेला दिवस वडिलांसाठी. बाबा, म्हणजे मोतीराम मेश्राम, आख्खी जिंदगी लोकांचे कूलर दुरुस्त करत फिरले आणि ग्रिड बसली त्या चार दिवसांत त्यांनाच उष्माघात झाला. जीव वाचला, पण अंगाला घाम येणं बंद झालं. म्हणजे अंग स्वतःला थंड करूच शकत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, खोली तेहतीसच्या वर गेली तर यांना भट्टीत ठेवल्यासारखंच आहे.

म्हणून वैजू काय करायची ऐका. आंघोळीचं, कपड्याचं, भांड्याचं पाणी साठवायची. चाळीस लिटर. संध्याकाळी ऊन उतरलं की ते बादलीनं गच्चीवर न्यायची, स्लॅबवर पसरलेल्या बारदानावर सारखं मारायची. पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याची ताटी, ती दर तासाला हातानं भिजवायची, कारण कूलरचं बिल परवडत नव्हतं. रात्री सगळी दारं-खिडक्या उघडी, पहाटे ऊन शिवायच्या आत सगळं बंद. मार्चमध्ये डिंक घालून चुन्याचे दोन हात गच्चीवर. सगळं बाबांनी शिकवलेलं. बाबा पलंगावरून सूचना द्यायचे, "कोपरा राहिला असन. तुझा डावा कोपरा नेहमी कोरडा राह्यते."

"तुम्हाला खाली झोपून दिसते का हो कोपरा?"

"दिसत नाही. टाळूला समजते."

तर टिकलीवाले यायच्या आदल्या आठवड्यात पौनीकर काका वर आले. घरमालक. खालच्या मजल्यावर ते आणि काकू. अकरा वर्षांचा घरोबा; वैजूच्या आईच्या शेवटच्या आजारपणात काकूनं दोन महिने डबा पुरवलेला. काका दारातच उभे राहिले, तोंड पाडून.

"वैजू बेटा, सोमवारी टिकल्या लावून राहिले."

"लावू द्या न काका."

"तो शेजारचा बोकडे म्हणते, वरचे मजले सगळे 'फ'मध्ये जाऊन राहिले. 'फ' आला तर मला भाड्यानं देताच नाही येणार. तुला काढा लागन, बाई. मला बरं वाटन का?"

बाबा पलंगावरून म्हणाले, "पौनीकर, भाडं वाढवायला येता तेव्हाही तुम्ही असंच तोंड करून येता."

काका हसले. वैजूही हसली. आणि म्हणाली, "काका, काळजी नका करू. मी आहे न."

हीच चूक. आपल्याकडे पाहुणे येणार म्हटलं की आपण काय करतो? उशांना धुतलेली खोळ, फरशी दोनदा पुसायची, जाळीच्या कपाटातले चांगले कप काढायचे. घराची लाज राखायची. वैजूनं टिकलीला पाहुणा समजलं. त्या सात दिवसांत तिनं चाळीसचे साठ लिटर केले. ताटी अर्ध्या-अर्ध्या तासाला भिजवली. बारदान दुहेरी केलं. डावा कोपरा तर चार वेळा. दुकान दोन दिवस बंद ठेवलं. कशासाठी? तर आपल्या मालकाची प्रत पडू नये आणि आपल्याला घर सोडावं लागू नये.

निकाल आला 'अ'.

गल्लीतला पहिला 'अ'. काकांनी गल्लीभर संत्रा बर्फी वाटली. टिकलीवाला म्हणाला, जुन्या लोकांचं बांधकाम, काय सांगता! काका छाती फुगवून म्हणाले, माझ्या वडिलांनी विटा स्वतः निवडल्या होत्या. वैजूनं बर्फीचे दोन तुकडे खाल्ले. आपल्याच नोटिशीची बर्फी, दोन तुकडे, वरून हात चाटले.

बारा दिवसांनी नोटीस.

ती तशीच खाली गेली. काका झोपाळ्यावर पेपर वाचत होते, म्हणजे पेपरमागे लपले होते.

"काका, हे 'नैसर्गिकरीत्या' कुणी लिहिलं?"

"वकिलानं लिहिलं, बेटा. ते तसं लिहावं लागते."

"रोज गच्चीवर धपधप कोण चालते, ऐकू येत नाही तुम्हाला? पाणी कोण मारते? निसर्ग मारते का? निसर्गाच्या हाताला घट्टे पाहा!" तिनं तळहात पेपरवर आपटले. पेपर फाटला.

"आवाज नको वाढवू." काकांनी चष्मा काढला. "मी काय पाप केलं? 'अ' प्रतीच्या घराला लोक अडीचपट देऊन राहिले. तू देते का अडीचपट? दे, राहा. माझा गुडघा बदलायचा आहे. आणि तू दोन बादल्या पाणी मारते म्हणून 'अ' आला म्हणतेस? मशीन आहे ते. मशीन खोटं बोलते का?"

"खोटं नाही बोलत. अर्धं बोलते."

"मग जा न ऑफिसात. त्यांना सांग."

आतून काकूनं भांडं जरा जोरात ठेवलं. 

वैजू गेली ऑफिसात. ताप-दाखल्याच्या कार्यालयात एक पोरगी होती, अवनी डहाके, इंजिनियर, वैजूपेक्षा दहा वर्षांनी लहान. टेबलावर ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली. वैजूनं फाईल आदळली आणि पंधरा मिनिटं न थांबता बोलली. अवनीनं ऐकून घेतलं आणि स्क्रीनवर घराचा आलेख काढला. सात दिवसांची सात टेकाडं, आणि रोज संध्याकाळी साडेसहाला सरळ खाली पडणारी रेघ. जशी कुणी कापली.

"हे मला दिसलं होतं, ताई," अवनी हळूच म्हणाली. "कॉम्प्युटरनं याला संध्याकाळचा वारा धरलं."

"मी वारा?"

"थांबा." तिनं कागदावर गणित मांडलं. "एक लिटर पाणी वाळताना जी उष्णता ओढून नेतं ती साधारण पाऊण युनिटाच्या आसपास. पाऊणपेक्षा थोडी कमीच. तुमचे नेहमीचे चाळीस लिटर... सत्तावीस युनिट उष्णता. रोज. ताई, एवढी उष्णता बाहेर फेकायला एसी दिवसभर चालवावा लागतो."

"मग लिहा न तसं!"

"कुठं लिहू? नियमच आहे, राहणारा माणूस मोजायचा नाही. आम्ही एक सरासरी माणूस धरतो. तो सकाळी उठतो, पंखा लावतो, ऑफिसला जातो. माणूस बदलतो, भिंत राहते. म्हणून प्रत भिंतीची."

"तो सरासरी माणूस पाणी नाही मारत?"

"नाही."

"मग पुरुष असन."

अवनीला हसू आलं, पण लगेच गेलं. तिनं सरळ सांगून टाकलं. "तुम्ही लेखी दिलंत तर फेरतपासणी होईल. टिकल्या पंचेचाळीस दिवस भिंतीवरच असतात, त्यांच्यावरून लगेच कळेल. पण बिनापाण्याचं हे घर 'इ' आहे. कदाचित 'फ'. मग ते कुणालाच भाड्यानं देता येणार नाही. तुम्हालाही नाही."

म्हणजे बघा. ती काम करत राहिली तर घर इतकं चांगलं की तिला परवडत नाही. ती थांबली तर घर इतकं वाईट की तिला राहू देत नाहीत. दोन्हीकडून तीच बाहेर. वैजू घरी चालत आली, भर बाराच्या उन्हात, रिक्षा न करता, कारण बसली असती तर रिक्षाच फोडली असती.

रविवारी सकाळी काका नव्या भाडेकरूला घेऊन वर आले. मीनल लांजेवार, बँकेत नोकरी, चाळिशीची, चेहऱ्यावर जागरण. आत पाऊल टाकलं आणि तिनं डोळेच मिटले.

"अगं बाई. किती गार आहे."

"आमच्या वडिलांनी विटा..." काकांनी सुरू केलं.

"माझ्या आईला मागच्या मे महिन्यात दोनदा ॲडमिट केलं हो," मीनल वैजूला म्हणाली, जणू माफी मागत. "आम्ही 'ड'मध्ये राहतो. तिची किडनी... डॉक्टर म्हणाले घर बदला. अर्धा पगार जाईल, पण 'अ' म्हटल्यावर..."

वैजू तिच्यावर भडकायला तयारच बसली होती. सकाळपासून चार वाक्यं घोटून ठेवली होती. ती चारही कामाची राहिली नाहीत. कारण ही बाई तीच होती. फक्त बँकेतली.

"किती लिटर?" वैजूनं विचारलं.

"काय?"

"तुमच्या आईसाठी रोज चाळीस लिटर पाणी डोक्यावर न्यायला जमन का? बँकेतून किती वाजता येता? ताटी तासा-तासाला भिजवायला घरी कोण असते?"

"वैजू!" काका ओरडले.

"हा गारवा विटांचा नाही, मॅडम. माझा आहे. मी गेली की तिसऱ्या दिवशी तुमची आई परत दवाखान्यात. माझ्यावर विश्वास नका ठेवू. मी आत्तापासून थांबते. उद्या तीन वाजता या आणि इथं बसून पाहा."

"ही जळते आहे हो," काका मीनलला म्हणाले, आवाज चिरकला. "घर सोडवत नाही तिला म्हणून."

"हो, जळते!" वैजू म्हणाली. "उद्या तुम्हीही या. सगळे मिळून जळू."

बाबांचं काय करायचं? हा प्रश्न कुणी विचारायच्या आत काकू जिन्यातून वर आली होती. ती कधीपासून तिथं उभी होती कुणास ठाऊक. म्हणाली, "मोतीराम भाऊंना माझ्या खोलीत आणा." काकांकडे तिनं पाहिलंही नाही.

त्या संध्याकाळी साडेसहाला वैजू पलंगावर बसून राहिली. पाय आपोआप उठायचे, ती धरून बसवायची. भरलेल्या बादल्या मोरीत तशाच. वाळ्याची ताटी वाळून कडकड वाजायला लागली. पहाटे तिनं खिडक्या बंद केल्या नाहीत. सकाळी दहालाच स्लॅबखालून अशी धग यायला लागली, जशी डोक्यावर कुणी इस्त्री धरली.

सोमवारी तीन वाजता सगळे आले. मीनल सुट्टी टाकून. अवनीही आली, वैजूनंच फोन केला होता, पाहायला ये म्हणून. काका हट्टानं खुर्ची ओढून मधोमध बसले. अवनीच्या फोनवर टिकल्यांवरून खोलीचं तापमान: अडतीस.

"बाहेर ऊनच जास्त आहे आज," काका म्हणाले.

साडेतीन. एकोणचाळीस पॉइंट दोन. मीनलची ओढणी पाठीला चिकटली. अवनीनं आपली बाटली फिरवली, काकांनी घेतली नाही. त्यांच्या नाकावरून घामाचा थेंब ओघळून चष्म्याच्या काडीवर थांबला. 

"एक दिवसावरून थोडी ठरते," काका म्हणाले. "जुनं बांधकाम आहे. त्याला सवय मोडायला वेळ लागते."

"कुणाची सवय?" वैजूनं विचारलं. "विटांची का माझी?"

चाळीस.

आणि खालून काकूची हाक आली. हाक नाही, किंचाळीच. "वैजू! भाऊंचं अंग पाहा ये!"

वैजू जिना कशी उतरली तिला आठवत नाही. आणि तेव्हा कळलं, जे दोन उन्हाळ्यांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. वरचा स्लॅब पेटला की खालचं छत पेटतं. वैजू फक्त आपला मजला थंड करत नव्हती. पौनीकरांचं सगळं घर तिच्या बादलीखाली गार झोपत होतं. काकूची खोली पस्तीसवर गेली होती. बाबांचं अंग कोरडं, लालबुंद, चुलीवरच्या भाकरीसारखं. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"चादर! मोठी! पाणी!" वैजू ओरडली. काकूनं कपाटातली नवी चादर ओढली, मीनलनं बादली, अवनीनं पंख्याचं तोंड फिरवलं. चादर भिजवून अंगावर, पिळून, परत भिजवून, काखेत, मानेखाली. वीस मिनिटं चौघीजणी हेच करत होत्या. काका दारात उभे होते, हातात काही नसलेल्या माणसासारखे. कुणी त्यांना काही आणायला सांगितलं नाही. ते सगळ्यात वाईट होतं.

शेवटी बाबांनी डोळे उघडले. म्हणाले, "कोपरा राहिला."

वैजू तिथंच जमिनीवर बसली आणि रडली, रागानं. स्वतःवरही. वडिलांना पणाला लावलं होतं तिनं, एक आकडा सिद्ध करायला. आणि आकडा सिद्ध झाला होता.

मीनलनं पर्स उचलली. काकांना एवढंच म्हणाली, "माझी आई मरून गेली असती इथं." मग वैजूपाशी थांबली. "ती ताटी कुठं मिळते?"

"लिहून देते," वैजू म्हणाली. "भिजवायची कशी तेही."

मीनल गेल्यावर काका फुटले. "झालं समाधान? आता 'फ'! आता कुणालाच नाही देता येणार! माझं घर मातीत घातलं तू. अकरा वर्षं पोरीसारखी ठेवली आणि हे? पंधरा दिवसांत निघ. कायदाच काढन तुला!"

"कायदा मी रोज भरते, काका," वैजू डोळे पुसत उठली. "दुकानात दिवसाला वीस फॉर्म. कायद्यात काय लिहिलं आहे माहीत आहे? 'ड'च्या खालचं घर भाड्यानं द्यायचं नाही. भाडं घ्यायचं नाही. राहायचं नाही असं कुठंच नाही लिहिलेलं."

"म्हणजे फुकट ठेवू तुला?"

उत्तर काकूनं दिलं. ओली चादर पिळत, पाठमोरी. "आणि आपण फुकट नाही राहिलो का हो? दोन उन्हाळे? तुमचा कूलर दोन वर्षांपासून बंद पडला आहे, आपण म्हणून राहिलो, आता वयानं गरम कमी वाटते." तिनं चादर झटकली, पाणी काकांच्या पायावर उडालं. "वयानं!"

काका झोपाळ्यावर बसले. झोपाळा हलला नाही.

"मी पाहुणी म्हणून नाही राहणार," वैजू म्हणाली. तिचा आवाज आता बसला होता, पण राग गेला नव्हता, तो खोल जाऊन बसला होता. "पाणी मी मारीन. तुमच्या गुडघ्यासाठी नाही, विटांसाठी नाही, बाबांसाठी. बादल्या खालच्या नळावर तुम्ही भरून ठेवायच्या. गुडघा दुखते, माहीत आहे. स्टूल घेऊन बसा. आणि त्या नोटिशीतली ती तिसरी ओळ कापून आणा, वकिलाच्या हातानं. तोपर्यंत माझ्याशी बोलू नका."

काका बोलले नाहीत. पण बोलले नाहीत ते हिनं सांगितलं म्हणून का रागानं, ते अजून कुणाला कळलं नाही. बादल्या मात्र दुसऱ्या दिवसापासून भरलेल्या असायच्या. अर्ध्या-अर्ध्या. कारण पूर्ण भरली तर उचलवत नव्हती त्यांना. आणि बिचाऱ्या वैजूला दुप्पट फेऱ्या. त्यावरूनही तिनं एकदा जिन्यात बादली आपटली.

वैजूनं त्याच आठवड्यात लेखी दिलं. फेरतपासणीचा फॉर्म अवनी घेऊन आली तेव्हा वैजू दुकान बंद करत होती. अवनी काउंटरवर टॅब ठेवून म्हणाली, "तुम्ही थांबला होतात त्या दिवसाच्या आकड्यांवरून प्रत 'अ' वरून 'फ' झाली. एवढी घसरण आजपर्यंत कुणाचीच नाही. कारण टाकावं लागतं. यादी येते: भिंत, छत, खिडकी, रंग, इतर."

"इतर," वैजू म्हणाली. पंधरा वर्षं फॉर्म भरलेल्या बाईला माहीत असतं, जगातलं सगळं खरं 'इतर'मध्ये असतं.

"इतरला वीस अक्षरांचीच जागा आहे."

वैजूनं टॅब ओढला आणि स्वतः टाइप केलं. मी थांबले.

अवनीनं वाचलं. बराच वेळ वाचत राहिली, दोन शब्दांना लागतो त्यापेक्षा जास्त. "आमच्या घराला 'ब' आहे," ती म्हणाली. "आई एकटी असते दिवसभर. मी कधी विचारलं नाही ती काय करते." आणि 'पाठवा' दाबलं.

चार दिवसांनी, संध्याकाळी सहा पस्तीसला, वैजू गच्चीवर असताना फोन आला. स्पीकर लावून तिनं तो कठड्यावर ठेवला आणि बादली उचलली.

"ताई, फॉर्म परत आला," अवनी म्हणाली. "'मी' हा घटक यादीत नाही म्हणे. भिंत, छत, खिडकी यातलं एक निवडा. 'छत' टाकू का? पटकन मंजूर होईल. सगळं संपेल."

बारदानावर पाणी पडलं, वाफेचा चर्र आवाज झाला.

"नाही. तसाच परत पाठव."

"परत येईल तो."

"येऊ दे. परत पाठव. जितक्यांदा तो येईन तितक्यांदा पाठव." वैजूनं दुसरी बादली ओढली. "मी कुठं जाऊन राहिली?"